डिल्सियाचा व्हिसा आणि गप्प झालेली गल्ली

आमच्या बानी गावात बाईने बुधवारी केसांना रोलर लावले की समजायचं, काहीतरी घडणार आहे. शनिवारी लावले तर नुसती रविवारची तयारी. आणि डिल्सिया तर स्वतः केस करणारी. गल्लीतल्या समस्त बायकांची डोकी तिच्या हातात, पण स्वतःच्या डोक्याकडे बघायला तिला फुरसत नसते. त्यामुळे ती बुधवारी रोलर लावून दारात दिसली, तेव्हा गल्लीने जे ओळखायचं ते ओळखलंच.

मला मात्र आधीपासून माहीत होतं. आठवड्यापूर्वी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, दार लोटलं, खिडकी लावली आणि कुजबुजली, "मावशी, गुरुवारी मुलाखत आहे. व्हिसाची. कुणाला बोलू नका हं."

"मला का सांगितलंस मग? मी गप्प बसणारी वाटले का तुला?"

"तुम्हाला दोनदा नाही म्हणालेत ना. तुम्हाला अनुभव आहे."

घ्या! नापास होण्याचाही मान असतो म्हणायचा.

मी तिच्यापुढे कुस्करलेली हिरवी केळी ठेवली, वर परतलेला कांदा. एरवी ही पोरगी ताट चाटूनपुसून खाते. त्या दिवशी नुसता काटा फिरवत बसली. तिचा फाउस्तो चार वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला, बोस्टनच्या बाजूला कुठेतरी. त्याचे कागद तिथल्या कचेरीत अडकलेत. ते हातात यायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकलं, तर पुन्हा आत शिरणं कठीण. म्हणजे तो येऊ शकत नाही. हिला जाऊ दिलं तरच भेट.

"आणि नाहीच दिला तर?" मी विचारलं.

"गेल्या महिन्यात तो म्हणाला, डिल्सिया, असं कधीपर्यंत?" तिचा आवाज पार खाली गेला. "मावशी, माणूस असं विचारतो ना, तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं असतं. हा व्हिसा नाही मिळाला, तर फाउस्तो गेला माझ्या हातातून."

मग आम्ही तालीम केली. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे की व्हिसाच्या खिडकीवर प्रियकराचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की त्यांना वाटतं, ही गेली ती गेलीच. म्हणून तिथे राहणाऱ्या मावशीकडे चाललेय म्हणायचं. मी माझ्या गेलेल्या नवऱ्याचा चष्मा चढवला आणि व्हिसावाला साहेब झाले.

"कोणाकडे जाणार?"

"मावशीकडे."

"मावशीचं नाव काय?"

डिल्सियाचे कान लाल. "फाउस्तो," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी हसले, काय करू! खोटं बोलण्याचं अंगच नाही या मुलीला. कुणाचे केस वाईट कापले गेले, तर स्वतःच सांगते.

आता बुधवारचं ऐका. आमच्याकडे एक रीत आहे. कुणी व्हिसाला निघालं की तोंडातून शब्द काढायचा नाही. शुभेच्छा नाहीत, चौकशी नाही, त्या माणसाकडे बघायचंसुद्धा नाही. बोललं की काम खारट होतं, म्हणजे नजर लागून फिसकटतं. तर रोलर बघितले आणि अख्खी गल्ली मुकी झाली. कोपऱ्यावरचा दुकानदार तेओफिलो तिला रोज छेडतो, "काय गं, तुझा तो बर्फातला भालू अजून जिवंत आहे ना?" त्याने मान खाली घालून साखर बांधून दिली. झाडाखाली डॉमिनो खेळणारे बाप्ये सोंगट्या इतक्या आपटतात की कोंबड्या दचकतात. ती जवळून गेली, तर सोंगट्या हवेतच थांबल्या.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"मावशी, यांना काहीतरी कळलंय."

"कसलं?"

"फाउस्तोचं. तिथे कुणीतरी आहे त्याची. तेओफिलोचा भाऊ त्याच गावात राहतो ना! सगळ्यांना कळलंय. कुणी माझ्या डोळ्याला डोळा देत नाही."

बघा माझी पंचाईत. खरं सांगावं की अगं वेडे, तुझ्या रोलरमुळे गप्प आहेत, तर तिला वाटणार, इतक्या जणांना कळलं, म्हणजे काम खारट झालंच. न सांगावं, तर पोरगी ही धास्ती घेऊन जाणार. "जा, झोप," एवढंच म्हणाले.

गुरुवारी पहिल्या बसने आम्ही राजधानीत गेलो. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा गार. वकिलातीच्या आत मला सोडत नाहीत. मी रस्त्यापलीकडे एका कॉफीवालीजवळ बसून राहिले. बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघत होते. एक बाप्या रडत आला, मागोमाग एक म्हातारी, तीही रडत.

डिल्सिया आली ती भिंतीला धरून.

"काय विचारलं?"

"विचारलं, कोणाकडे जाणार. मी मावशी म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, माझ्या माणसाकडे. त्याची दुसरी कुणी आहे का, ते बघायला."

"अरे देवा!"

"ती खिडकीतली बाई म्हणाली, आणि असली तर? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी परत. तिने विचारलं, नसली तर? मग म्हटलं, तरी परत. दुकान माझं आहे, गिऱ्हाईकं माझी आहेत. त्याचे कागद झाले की तो येईल. ती कितीतरी वेळ टाइप करत बसली."

"मग? नाही म्हणाली?"

"दिला," डिल्सिया म्हणाली आणि तिथेच फुटपाथवर बसली. "मावशी, दिला हो! आता जावं लागणार. आता बघावं लागणार."

मी तिला कधी इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं.

गल्लीत शिरलो, तर पुन्हा तीच शांतता. तेओफिलो तराजूत बघतोय, बाप्ये सोंगट्यांत. डिल्सियाला सहन होईना. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "दिलाय मला! आता सांगा, काय माहितीये तुम्हाला फाउस्तोचं?"

"फाउस्तोचं?" तेओफिलो बावचळला. "त्याचं कशाला काय माहीत असेल? बये, तू रोलर लावून फिरत होतीस! तुझं काम खारट होऊ नये म्हणून मी कालपासून जीभ चावून बसलोय."

मग जो गलका झाला! माझ्या बहिणीला चीज नेशील का, माझ्या पोराला कॉफी नेशील का. पण डिल्सियाचं लक्ष नव्हतं. गल्लीला काही माहीत नव्हतं, म्हणजे तिथे काही नव्हतंच, असं थोडंच होतं? तिने तिथेच फोन लावला. फोन मी धरला आणि आवाज मोठा केला, गल्लीलाही ऐकू जाईल इतका.

"फाउस्तो, व्हिसा मिळाला."

पलीकडे काहीच नाही. तेओफिलोने टोपी काढली, जणू मयतालाच आला होता.

"फाउस्तो?"

"मग आता तुला सांगायलाच हवं," तो म्हणाला.

डिल्सियाने डोळे मिटले.

"माझं घर नाहीये. तुला पाठवले ते फोटो मालकाच्या घराचे होते. एका खोलीत आम्ही चौघं राहतो. मी सोफ्यावर झोपतो. मला वाटलं, तुला कशाला व्हिसा देतायत. डिल्सिया, तुला ठेवू कुठे मी?" आणि तो गडी हुंदके द्यायला लागला.

गल्लीत कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

डिल्सियाने माझ्या हातातून फोन घेतला. डोळे पुसले.

"सोफा केवढा आहे?" तिने विचारलं.