पुन्हा पुन्हा उसवलेला पंख

लढाई संपली आणि आमचे हे घरी आले. विमानदलात फिटर होते. आले तेव्हापासून गप्प. जवळच्या उमेळे गावच्या एका बागायतदारांनी भंगारातलं एक जुनं विमान आणून केळीच्या बागेमागे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. अशी दोन-तीन दुरुस्त करून लहानसं संग्रहालय काढायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी ह्यांना बोलावलं. मला वाटलं, कामाला लागले की बोलायला लागतील.

पंख लाकडी फासळ्यांचे, वरून कापड. ह्यांनी कुजलेल्या फासळ्या बदलल्या, मी कापड शिवलं. त्यावर उग्र वासाचं रोगण दिलं की ते ताठ होई. पहिला पंख झाला, बागेचे मालक खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी जेवण घेऊन गेले, तर ह्यांनी तो पंख चाकूने चिरलेला.

"आत पानी शिरलं असेल," म्हणाले. "जोड बघायला हवा."

जोड चांगला होता. मी पुन्हा शिवलं. त्यांनी पुन्हा फाडलं. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. शेवटी एकदा मी विचारलं,

"अहो, हे कुठं उडायचंय? लोक नुसतं बघणार."

"माहीत आहे."

"मग?"

ते फासळीवर बोट फिरवत म्हणाले, "तिकडे एक विमान मी तपासून सोडलं होतं. वर गेलं आणि पंख दुमडला. आत दोन पोरं होती. जोड सुटला की गोळी लागली, ते मला कोनी सांगितलं नाही."

मी सुईत दोरा ओवला आणि शिवायला बसले.

मालकांनी पुष्कळ सोसलं. मग विमान पुरं करायला मुंबईहून रंगारी आणला आणि ह्यांना म्हणाले, "तुम्ही आता घरी आराम करा." ह्यांनी हत्यारं पुसून जागेवर ठेवली आणि निघून आले. विमान बघायला पार तुळिंज गावापासून माणसं आली. मी नणंदेबरोबर जाऊन आले. ह्यांनी काही विचारलं नाही.

पुढे कोणी विहिरीचा पंप दुरुस्त करायला बोलावलं, तर हे सगळा खोलून ठेवत आणि जोडायची वेळ आली की उठून घरी येत. हळूहळू बोलावणी थांबली. घर माझ्या शिवणावर चालायचं. हे दिवसभर ओटीवर बसून असत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी चहा समोर ठेवायची. तो निवून जायचा.