कानांचं वय

सीईटी संपल्यापासून पुण्याचं कॉलेज सुरू होईपर्यंत दोन महिने मी निव्वळ फालतूपणा केला. बाहेर सोलापूरचं ऊन, घरात कंटाळा, आणि मोबाईलवर रोजचा दीड जीबी डेटा. एका वेबसाइटवर बटण दाबलं की जगातलं कुठलंही निरुपयोगी पान उघडायचं. एकीवर पॅकिंगच्या प्लास्टिकचे फुगे फोडायचे. मी आणि धाकट्या बहिणीने ते तासन्‌तास फोडले.

मग कानांचं वय सांगणारी वेबसाइट सापडली. ती एक बारीक शिट्टी वाजवते, शिट्टी चढत जाते, ऐकू यायची थांबली की बटण दाबायचं. माझं वय सतरा आलं, धाकटीचं चौदा, आईचं एकावन्न. आई जरा खट्टू झाली. मग आम्ही नानांना बसवलं. नाना म्हणजे आमचे वडील, टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं माग चालवणारे. हेडफोन लावून ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. शिट्टी वाजली, चढली, संपली. ते अजून सुरू व्हायची वाट बघत होते. धाकटी हसून लोळायला लागली. आम्ही हसतोय म्हणून नानाही हसले, तसं आम्ही आणखी हसलो.

त्यानंतर वेबसाइटची गरज उरली नाही. नानांच्या समोर बसायचं, चेहरा गोड ठेवायचा, त्यांना वाईटात वाईट बोलायचं आणि आवाज रोज कमी करत न्यायचा, असा खेळ घरातच मिळाला. धाकटी "फुटका ढोल" एवढ्यावर थांबली, चार दिवसांत तिचं मन भरलं. माझं भरलं नाही. मला त्यांचा रागच होता. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, चारचौघांत ओरडून बोलायचे, जरा मान वळवली की "आं?" करायचे. आणि हॉस्टेलवर मला सोडायला तेच येणार होते. दोन खाडे आधीच सांगून ठेवले होते, चौकड्यांचा नवा शर्ट शिवून घेतला होता, अख्ख्या कारखान्याला सांगून झालं होतं. हॉस्टेलच्या ऑफिसात मॅडमच्या पुढ्यात वाकून "आं?" करणारे नाना मला आत्ताच दिसत होते.

एका दुपारी जेवताना मी त्यांच्या समोर बसले, हसले, आणि आवाजच न काढता नुसते ओठ हलवले. "तुमी येऊ नका पुण्याला. मला लाज वाटती तुमची."

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. मग आईकडे शेंगाचटणी मागितली. मला वाटलं, मी खेळ जिंकले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की मालक सुट्टी देत नाही, आईला घेऊन जा. मला इतका आनंद झाला की तो लपवताही येईना. आईने शर्ट घडी घालून कपाटात ठेवला.

निघायच्या दिवशी आईने मला, पाया पडून ये, म्हणून कारखान्यात पिटाळलं. डबा द्यायला मी खूपदा गेले होते, पण दारापर्यंतच. त्या दिवशी पहिल्यांदा आत गेले. मागांचा असा खडखडाट, की माझीच हाक मला ऐकू येईना. आणि त्यात माणसं निवांत गप्पा मारत होती. नाना चार माग पलीकडच्या कामगाराला काहीतरी म्हणाले, तो हसला, त्याने उलट काहीतरी टोला दिला, नानाही हसले. आवाज कुणीच काढत नव्हतं. नुसते ओठ.

दोन महिन्यांत गोड चेहऱ्याने काय काय बोलले होते, ते एकेक करून आठवायला लागलं. त्यातलं एक वाक्यही त्यांच्याकडून सुटलं नव्हतं.

नानांनी मला पाहिलं. मी वाकायला पुढे झाले, तर त्यांनी लांबूनच हात दाखवून थांबवलं. आणि मला नीट कळावं म्हणून, लहान पोराला शिकवतात तसा एकेक शब्द सुटा करून, आवाज न काढता म्हणाले, "हितं नको. कोणतर बघंल. तुला लाज वाटंल."

मी वळले. मघाशी त्यांच्याबरोबर हसणारा तो कामगार आता हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्यालाही सगळं कळलं होतं.