मी शिवलेली वासरं

चहात दूध घालू नका म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, "पित्त आहे का?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायचं तर वासरांपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढ्यात चहा थंड होतो.

माझं सासर महागावजवळचं. छप्पन सालच्या दसऱ्याला गावातली पुष्कळ माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झाली. मेलेलं ढोर ओढायचं, कातडं सोलायचं, ही कामं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच गळ्यात मारलेली. परत आल्यावर त्यांनी ती टाकून दिली. बरोबरच केलं. आमच्या ओट्यावर मात्र यावरून बरीच धुसफूस चालायची, आणि त्यात माझे सासरे पुढे होते. मग पौषात आमच्याच तांबड्या गाईचं वासरू मेलं.

वासराला हुंगल्याचाटल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. म्हणून वासरू मेलं की त्याचं कातडं काढायचं, त्यात पेंढा भरून शिवायचं आणि दूध काढायच्या वेळी गाईपुढे ठेवायचं, अशी आमच्याकडे रीत होती. गाय बिचारी ते चाटत उभी राहायची. आता कातडं काढणार कोण? सासरे स्वतः तर हात लावणार नव्हते. गाय दोन दिवस हंबरत होती आणि थेंबभर दूध देत नव्हती.

माझ्या लग्नाला तेव्हा तिसरं वर्ष. घरात माझी ओळख काय, तर पोळ्या जाड करते आणि उलट बोलते. दोन्ही खरं होतं. हातात सुई मात्र चांगली होती. आमच्या शेतात कापूस वेचायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक म्हातारी बाई यायची. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिच्या ओढणीवरचं आरशांचं भरतकाम पाहून मी तिच्या मागेच लागले होते, आणि दुपारच्या सुट्टीत बांधावर बसून तिनं मला चार-सहा टाके शिकवले होते. त्या दिवशी ती अंगणात कापसाचं बोचकं उतरवत होती. मी सहज बोलून गेले, "कापडाचं वासरू शिवू काय?"

सासूबाई म्हणाल्या, "गाय का लहान पोरगी हाय, बाहुली खेळाले?"

याडी हसली नाही. "शिव," ती म्हणाली. "पन वासरू पुरायच्या आंधी कापड त्याच्या आंगावरून फिरवून घे. अन् पाठीले मिठाचं पानी लाव."

बाभळीची साल उकळून मी मांजरपाट तांबूस रंगवलं आणि वासरू पुरण्याआधी त्याच्या अंगावरून फिरवून आणलं. आत डागी कापूस ठासला. पायांना तुराट्यांच्या पेंड्या बांधल्या. कान काही केल्या ताठच राहायचे, ते याडीनं दोन टाक्यांत पाडून दिले. मग पाठीला, कानांना मिठाचं पाणी लावलं. संध्याकाळी ते सोंग गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं आणि ती मागे सरली. पुन्हा हुंगलं. मग तिनं त्याचा कान चाटायला घेतला आणि सासूबाईंच्या चरवीत धार वाजली. दूध काढता काढता सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की गाईकडे बघायचं मी विसरूनच गेले.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरायला वेळ लागला नाही. सोलणारं माणूस आता कुठंच मिळत नव्हतं. निरोप येऊ लागले, बैलगाड्या येऊ लागल्या. लोक मेलेल्या वासराच्या अंगावरून फिरवलेलं फडकं आणून द्यायचे, रंग सांगायचे, कपाळावर चांद आहे की नाही ते सांगायचे. मी चार-पाच दिवसांत वासरू तयार ठेवायची. बदल्यात कोणी तुरीची डाळ द्यायचं, कोणी तीळ, कोणी लुगड्याचं कापड. याडीचा वाटा मी तिला पोचवायची. लोक मला वासरंवाली म्हणू लागले. सासरे ओट्यावर आलेल्या पाहुण्याला आपण होऊन सांगायचे, "आमच्या सुनेच्या हाताले कला हाय." मी आतून ऐकत राहायची आणि माझ्या पोळ्या आणखी जाड व्हायच्या.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात दादाचा निरोप आला. आमचे आईवडील तर कधीच गेले होते. माझं माहेर म्हणजे उमरखेडच्या रस्त्यावरच्या गावातला हा एकटा मोठा भाऊ. वर्षातून एकदा तो दिवाळीला मला न्यायला यायचा आणि त्या आठ दिवसांवर मी बाकीचं वर्ष काढायची. निरोपासोबत फडकं होतं. रंग कबरा, कपाळावर चांद, डावा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. दादाच्या घरचं म्हणून मी जीव ओतला. पापण्यासुद्धा शिवल्या. आणि गाडीवाल्याबरोबर न पाठवता स्वतःच घेऊन निघाले.

एसटीत मांडीवर चादरीत गुंडाळलेलं वासरू, तोंड तेवढं बाहेर. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढा बाई." सगळी गाडी हसली. मीही हसले.

दादा शेतावर गेला होता. वहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं. मी वासरू खाटेवर ठेवलं आणि भाचा त्याच्या पाठीवर चढून बसला. तेवढ्यात गोठ्यातून बारीक आवाज आला. मी पुष्कळ गोठे पाहिलेत. हा आवाज कशाचा, ते मला कळलं होतं, तरी उठून गेले.

गाईपासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात, हातभर दोरीला कबरं वासरू बांधलेलं होतं. तोंडाला मुसकं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कपाळावर चांद होता, डावा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा होता. मी शिवलं होतं अगदी तसं.

वहिनी मागून आली. "गोऱ्हा होय तो, बाई," ती म्हणाली. "बैलजोडी हाय आपल्याकडं. अन् दूध सारं मोटारस्टँडवरच्या हॉटेलात जाते. दोन-चार रोजाचा राह्यला आता." असं म्हणताना ती वासराकडे बघत नव्हती. "मलेबी पाहवत नाही. मनून मी इकडं येतच नाही."

वासरू गेलं कधी, कशानं, हे मी कधीच कोणाला विचारत नसे. ज्याच्या घरचं वासरू गेलं त्याला खोदून विचारू नये, असं मला वाटायचं. तेवढी माणुसकी मी पाळत होते! दारात आलेला माणूस हळहळ करायचा, मीही हळहळ करायची आणि सुईत दोरा ओवायची. जिवंत वासराच्या अंगावरूनही फडकं फिरवता येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खोटं वासरू तयार मिळतंय म्हटल्यावर खऱ्याला दूध पाजायचं कशाला, असा सरळ हिशेब होता, आणि त्यात माझी सुई होती.

मी मुसकं काढलं आणि दोरी सोडली. वासरू गुडघ्यांवर पडलं. मी त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उभं केलं, ढकलत गाईपाशी नेलं. पुढचं त्याला शिकवावं लागलं नाही. त्यानं एवढ्या ढुशा दिल्या की गाय हलली. मी तिथंच शेणात बसले आणि रडले. वहिनी "बाई, उठा, बाई, उठा," म्हणत राहिली, पण तिनंही वासराला ओढलं नाही.

दादा आला तेव्हा गाईचे चारही सड रिकामे होते. हॉटेलात न्यायची किटली त्याच्या हातातच राहिली.

"हे काय करून राह्यली तू?"

"पाजून राह्यली."

"अन् हॉटेलवाल्याले काय सांगू मी?"

"सांग, बहीण आलती."

दादाचा आवाज चढला. "तूच तं बनवतं हे. साऱ्या मुलखाले देतं. मंग माह्याच घरी कायले पाप दिसलं तुले?"

मी वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे वासरू मेलं तं मी या घरी पुन्हा येनार नाही, दादा." राग माझ्या नाकावर असतो, पण हा नुसता राग नव्हता. माहेर एकच होतं आणि ते मी पणाला लावलं होतं.

दादा न जेवता ओट्यावर बसून राहिला. मी वहिनीच्या विळ्यानं कापडाच्या वासराचं पोट उसवलं, कापूस काढला आणि त्याची भाच्याला उशी शिवून दिली. पापण्यांचे टाके मी सगळ्यात शेवटी उसवले, खोटं कशाला बोलू. ती माझी सगळ्यात चांगली कारागिरी होती. वहिनीनं चहा पुढे केला. त्यात सकाळचं दूध होतं; मी तो बाजूला सारला.

सकाळी दादा माझं गाठोडं घेऊन मोटारस्टँडवर आला. गाडी लागली तेव्हा रस्त्याकडे बघत म्हणाला, "एक सड सोडीन त्याच्यासाठी."

"दोन," मी म्हणाले.

"दोन तं दोन. बस आता, जागा जाईन."

त्यानं शब्द पाळला. दिवाळीला तो मला न्यायला आला. गोठ्यात गोऱ्हा माझ्या कमरेएवढा झाला होता आणि मी कौतुकानं जवळ गेले तर माझ्यावरच धावून आला. दादा पोट धरून हसला.

घरी परतल्यावर मी वासरं शिवणं बंद केलं. दूध, तूप आणि चामड्याची वहाणही सोडली. टायरची चप्पल घालून मी लग्नाला जायची, तर नवरा चार पावलं पुढे चालायचा. माणसं वासरांसाठी येतच राहिली. मला वाटलं होतं, आता सासूबाईंपुढे माझी धडगत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. पण दारात आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, "डोये गेले तिचे. सुई दिसत नाही." मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची होते. होळीला माझ्या पुरणपोळीवर त्यांनी न विचारता तुपाऐवजी जवसाचं तेल वाढलं.

रिकामे हात मला जमत नाहीत. याडी आणि मी पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी कापडाचे नंदी शिवू लागलो. वीतभर उंच, पाठीवर आरशांची झूल. ज्या पोरांना लाकडाचा नंदी परवडत नव्हता ती हे घेऊन मिरवायची. लोक टोमणा मारायचे, "काय वो, डोये आले वाट्टे?" सासूबाई म्हणायच्या, "पोळ्यापुरते येतेत." बरीच वर्षं तो धंदा आम्ही दोघींनी केला आणि मला तो मनापासून आवडला.

पण चहाचं विचारणाऱ्याला मी पित्त सांगते ते काही उगाच नाही. दादाच्या घरी मी बहीण म्हणून गेले, म्हणून मला गोठा दिसला. त्याआधी मी तीस-चाळीस घरी वासरं पाठवली होती. सगळी घरं माझ्या ओळखीची होती, जायचे रस्ते ठाऊक होते. त्यातल्या एकाही घरी जाऊन, तुमचं वासरू खरंच मेलं होतं का, हे मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.