टाकणाऱ्याचं नाव

मी खरं सांगितलं की कोणालाच खरं वाटत नाही, हा माझा जन्माचा वैताग आहे. बंगल्यांच्या कचऱ्यात चालू मिक्सर सापडतो म्हटलं की लोक हसतात. पितळेची समई सापडली म्हटलं की संशय घेतात. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढू. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चौथीपर्यंत धड झाली! आणि आमच्या गाडीवर वाचायची हौस कोणालाच नाही, त्यामुळे भांडणाची भीती नाही.

गाडी म्हणजे ग्रामपंचायतीची घंटागाडी. मांडव्याच्या जेट्टीच्या अलीकडं आमचं गाव. पूर्वी वाड्या होत्या, आता वाड्यांत बंगले झालेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात आणि सोमवारी सकाळी त्यांचा कचरा आमच्याकडं येतो. गाडीवर आम्ही चौघं. बाबू ड्रायव्हर. रंजना, वयानं लहान, तोंडानं मोठी. काशीकाकू, सगळ्यांत जुनी. आणि मी, सुमन. अशी गाडी वर्षानुवर्षं फिरली की किस्से साठत जातात. कचऱ्यासारखेच, रोज थोडे थोडे. फक्त ते उचलायला कोणी येत नाही.

*

एकदा एका बंगल्याच्या डब्यातून लोखंडी पेटी निघाली. आत पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं नवंकोरं. काहींचं तर प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं! बाबू रडायचाच बाकी होता. आमची गाडी तोवर दगड आणि शिव्या या दोनच गोष्टींवर दुरुस्त व्हायची.

पुढं एकदा रस्त्यात एक मोठी गाडी बंद पडलेली. शेठ घामाघूम. बाबूनं पेटी काढली, बॅटरीची वायर आवळली, गाडी सुरू! शेठ पाना हातात घेऊन उलटासुलटा बघायला लागला.

"क्वालिटी आहे हां. माझ्याकडं पण होता असा, कुठं गेला कोण जाणे. तुम्ही कुठून घेतलात?"

बाबूची बोबडी वळली. रंजना म्हणाली, "तुमच्याच दुकानातून, शेठ! दर सोमवारी उघडं असतं!"

*

काशीकाकूच्या वाट्याला चालायचं मशीन आलं. ते जिममधलं असतं तसं. बंगलेवाल्यांनी भिंतीबाहेर काढून ठेवलं होतं.

"ह्याचं काय करत्यात गं?"

"यावर चालतात, काकू."

"चालून कुठं जात्यात?"

"कुठंच नाही. तिथल्या तिथंच."

काकूनं बराच विचार केला. "आन मंग पाव आणायला नाक्यावर जायचं तर गाडी काढत्यात!"

तिनं ते घरी नेलं. त्याच्या दांड्यांना दोरी बांधून बोंबील वाळवते. शेजारीण कौतुकानं बघायला आली. म्हणाली, "मशीन चालतं का हो?"

"मशीन न्हाय चालत," काकू म्हणाली. "वर मांजर चालतं!"

*

काशीकाकूला अक्षर वाचता येत नाही, पण कचरा वाचता येतो. पिशवीची गाठ सोडली की ती बंगल्यात कोण आलं होतं ते सांगते.

"नवराबायको आलेली. भांडली."

"कशावरनं?"

"जेवण दोघांचं मागवलं. दोघांचं तसंच टाकलं."

वॉचमनला विचारावं तर तस्संच! जोडपं परवा रात्रीच वेगवेगळ्या गाड्यांनी निघून गेलेलं. माणसाच्या तोंडावर काकूचा विश्वास नाही. "माणूस खोटं बोलंल, पिशवी न्हाय बोलत," असं म्हणते. माझ्यावर तर मुळीच नाही. मी सकाळी भाकरी खाऊन आले म्हटलं तरी माझ्या बोटांचा वास घेऊन बघेल अशी बाई!

*

समईचं सांगायचं राहिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, जड, पितळेची. मला वाटलं चुकून आली असणार. देवाची वस्तू. मी स्वतः परत द्यायला गेले. म्हाताऱ्या मॅडम बाहेर आल्या, समई बघितली आणि मलाच विचारतात, "ही तुझ्याकडे कशी?"

"तुमच्या कचऱ्यात होती."

"कचऱ्यात समई कोण टाकेल?"

"तेच तर मी तुम्हाला विचारायला आले!"

विश्वास काही बसला नाही. वॉचमनला बोलावून माझी पिशवी उघडून बघितली. मी पिशवी तिथंच पायरीवर उलटी केली. आत माझा डबा, बाटली आणि चुन्याची डबी. म्हटलं, "घ्या, मोजून घ्या. आणि घरातल्यांची पण पिशवी बघा एकदा!" मॅडमच्या मागं सून उभी होती. तिनं मान खाली घातली.

पुढच्या सोमवारी समई पुन्हा कचऱ्यात. वर सुनेची चिठ्ठी नव्हती एवढंच! या वेळी मी परत द्यायला गेले नाही. आता ती माझ्या देवापुढं आहे. टाकणारा कधी कबूल होत नाही, हे मात्र मी तेव्हा शिकले.

*

माझी एकुलती एक मुलगी प्रणाली. घरात पिंकी. तिचा बाप ती रांगत होती तेव्हाच गेला. मी गाडीवर लागले आणि घरात वस्तू यायला लागल्या. सगळं आमचं असंच आलेलं. एकदा तर चाकांचं दप्तर मिळालं! गावात तसं कोणाकडंच नव्हतं. आतल्या पट्टीवर पेनानं 'विवान' लिहिलेलं. साबण लावला, लिंबू लावलं, राख लावली. विवान काही जाईना.

शाळेत पोरांनी ते वाचलं आणि पिंकीला 'विवान' म्हणायला लागली. मी सरळ वर्गात गेले. मास्तरांसमोर म्हटलं, "ज्याच्या दप्तराला चाकं आहेत त्यानं पुढं यावं आणि हाक मारावी!" एक पोर पुढं येईना. मास्तरपण दोन पावलं मागं सरकले!

गाडीवर हा किस्सा मी इथंच थांबवते. सगळे पोट धरून हसतात. पुढचं आज लिहितेय. घरी येऊन मी पिंकीला हे हातवारे करून सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "आई, छत्रीवर दुसऱ्याचं नाव, बाटलीवर दुसऱ्याचं नाव. माझं नाव असलेलं एक तरी आण ना काहीतरी."

*

आता दामू. हा रेवसच्या लाँचवर कामाला. रोज भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन येतो, म्हणून अख्खा गाव आपली मुंबईची पार्सलं त्याच्या गळ्यात घालतो. माणूस गरीब, फुकट नेतो. पण गोंधळी!

काशीकाकूनं जावयाला सुके बोंबील पाठवले होते आणि वरच्या आळीतल्या भटजींनी बहिणीला सत्यनारायणाचा प्रसाद. दामूनं अदलाबदल केली. जावयाचा फोन आला, "सासूबाई, यंदा शिरा पाठवलात? तब्येत बरी आहे ना?" भटजींच्या बहिणीचा फोन कसा आला असेल ते विचारूच नका!

सगळ्यांनी दामूला नाक्यावर घेरलं. तो बिचारा हात जोडून म्हणतो, "पण पोचवलं ना? एक पण वस्तू पाण्यात पडली का? कोणाला काय आवडंल ते मी कसं ठरवू?"

तेव्हापासून गावात काही हरवलं की दामूचं नाव निघतं. चष्मा हरवला, दामू. कोंबडी हरवली, दामू. खरं सांगायचं तर त्यानं आजवर कोणाची काडीसुद्धा स्वतःकडं ठेवलेली नाही.

*

पिंकी शिकली. मुंबईत ऑफिसला लागली. एसीत बसते. सुरुवातीला महिन्याला यायची. मग सणाला. मग "सुट्टी नाही गं आई." गेल्या गणपतीला आली नाही, दिवाळीला आली नाही.

तिच्या घरासाठी मी केव्हापासून साठवतेय. मिक्सर आहे, काचेच्या बरण्या आहेत, एक आरसा आहे, त्याचा फक्त कोपरा फुटलाय. सगळं धुऊन पुसून खाटेखाली ठेवलंय. फोनवर सांगितलं की ती म्हणते, "आई, ते नको." ओरडत नाही. ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि मिटलं असतं.

शनिवारी बोटीची माणसं घेऊन जेट्टीवरून रिक्षा यायला लागल्या की मी दारात तांदूळ निवडत बसते. तांदूळ कधीचेच निवडून झालेले असतात.

गेल्या दिवाळीत मी अलिबागच्या बाजारात गेले आणि दुकानातून नवा डबा घेतला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. माझ्या घरात दुकानातून आलेली ती पहिली वस्तू असेल! नाव घालून घेतलं. दुकानदार मशीन धरून म्हणाला, "आईकडून, असं घालू का खाली?"

म्हटलं, "नको. तिचंच घाला. एकटीचं."

त्यानं बुडावर सुरेख अक्षरात 'प्रणाली' घातलं. मी तो डबा गाडीवर सगळ्यांना दाखवला. बाबूला तर दोनदा वाचायला लावलं. मग करंज्या भरल्या आणि दामूच्या हातात देताना त्याला डोळे वटारून सांगितलं, "हा जर भटजींच्या बहिणीकडं गेला तर तुला लाँचला बांधून ओढीन!"

पोचला. दुसऱ्याच दिवशी पिंकीचा फोन. "डबा मिळाला. ऑफिसात सगळ्यांनी खाल्ल्या, सगळ्यांना आवडल्या."

"आणि डबा?"

"आहे गं. माझं नाव आहे ना त्याच्यावर."

हे मी गाडीवर इतक्या वेळा सांगितलं की शेवटी रंजना म्हणाली, "ताई, बस करा! न खाता करंज्या घशाशी आल्या आमच्या!"

*

आणि हा परवाच्या सोमवारचा.

घंटी वाजवत आम्ही खाडीकडच्या बंगल्यांच्या वळणावर आलो, तर समोरून काळ्या काचांची गाडी. रस्ता एवढासा. बाबूनं आमची गाडी कुंपणाला टेकवली तरी ती गाडी थांबेना, तशीच घासून गेली. सगळी धूळ माझ्या तोंडात. मी ओरडले, "डोळे फुटले काय? माणसं दिसत नाहीत?" काच वरच राहिली.

बंगल्याशी गेलो. तिथला वॉचमन नवा, आमच्यातल्या कोणाला ओळखत नाही. पिशव्या काढून तयारच उभा. काशीकाकूनं पहिली गाठ सोडली.

"पोरं-पोरी. मुंबईची," ती म्हणाली. "समद्यांनी खेकडे नुसते चिवडल्यात बघ. फोडायचे कसे ठावं न्हाय." मग एक डिश उचलून बघत राहिली. "ही मातुर आपल्यातली. नांग्या दातानं फोडल्यात, चोखून साफ."

"हां, एक मॅडम होती," वॉचमन म्हणाला. "तुमच्यासारखीच बोलायची. सकाळी सगळे गाडीत सामान भरत होते, ती इथं गेटवर येऊन उभी राहिली. मला विचारते, घंटागाडी किती वाजता येते? मी म्हटलं, आता येईलच. मग बघत राहिली रस्त्याकडं, बराच वेळ. आणि तुमची घंटी ऐकली तशी पळत जाऊन गाडीत बसली. म्हणाली, चलो, चलो!"

"येडीच दिसतेय," रंजना म्हणाली.

मी दुसरी पिशवी सोडत होते. बाटल्या, कागदी ग्लास, आणि खाली डबा. स्टीलचा. आत लिंबाच्या फोडी आणि बाटल्यांची बुचं. मी तो रिकामा केला, उलटा केला आणि बुडावर अंगठा ठेवला. अंगठा काही निघेना.

"काय गावलं ताई? बघू," म्हणत रंजनानं माझ्या हातातून ओढलाच. "अगं बाई, नवा आहे की! थांब... सुमनताई, हा तर पिंकीचा डबा!"

बाबू गाडीतून उतरला. काशीकाकूच्या हातात ती डिश तशीच होती. तिनं डिशकडं बघितलं, वॉचमनकडं बघितलं, मग वळणाकडं. तिथली धूळ अजून पुरती खाली बसली नव्हती.

मी म्हटलं, "लाँचवरच राहिला असेल. कोणीतरी उचलला असेल, त्यानं आणला असेल इथं. तिच्यापर्यंत पोचलाच नसेल डबा."

रंजना म्हणाली, "पण ताई, करंज्या तर..."

काशीकाकूनं तिच्या दंडावर फाडकन चापटी मारली. डिश पिशवीत टाकून दिली आणि गाठ आवळली. डबा घेतला, पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि माझ्या पिशवीत घातला.

"खरं बोलतीय सुमन," ती म्हणाली. "पोचलाच न्हाय डबा. कोणाचं काम हाय ते मला तवाच कळलं व्हतं."

"कोणाचं?" बाबूनं विचारलं.

"कोणाचं म्हंजे? दामूचं!"