थेंबमिस्त्रींचं फडकं

कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांना सगळे थेंबमिस्त्री म्हणत. नाव ठेवलं होतं चिडवायला, पण मिस्त्री ते मिरवायचे. धुलाईखात्यातला जुना दट्ट्याचा पंप तीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता. दट्ट्या मागे गेला की पाणी ओढायचा, पुढे आला की ढकलायचा. दोन झडपा आळीपाळीने टकटकत. दट्ट्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे दोरीचं पॅकिंग कोंबलेलं, आणि त्यातून मिनिटाला वीस थेंब गळलेच पाहिजेत, हा मिस्त्रींचा कायदा. कमी गळले तर दांडा कोरडा घासून तापतो, जास्त गळले तर नट जरासा आवळायचा. एखादा नवा फिटर गळती पाहून नट करकचून आवळायला गेला की ते ओरडत, "अरे, काम करतोय तो, घाम येणारच!"

दोन वर्षांपूर्वी ॲसिडच्या खोलीत डायफ्रॅमचा पंप आला. ओढणं-ढकलणं तेच, झडपाही तशाच, पण दट्ट्याच्या जागी जाड रबरी पडदा. दांडा त्याला मागून रेटतो, पडदा पुढे-मागे वाकतो, आणि दांड्याला ॲसिड शिवतही नाही. मिस्त्रींचं त्या पंपाशी कधी जमलं नाही. त्यांचा स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा. वाकून काम करणाऱ्या यंत्राचं त्यांना काय कौतुक? "नुसता फुगा आहे," म्हणायचे. त्या खोलीत कामाला होती त्यांची सून.

त्या दिवशी सकाळी तिनेच त्यांना बोलावून घेतलं.

"बाबा, पंपाच्या खालच्या भोकातून थेंब पडतोय. मिनिटाला सहा."

मिस्त्रींनी खिशातल्या फडक्याने ते भोक पुसलं आणि हसले. "सहाच ना? पडू देत. घाम येणारच." वहीत 'ठीक' असं लिहून ते निघूनही गेले. सुनेला ते पटलं नव्हतं, पण तीस वर्षांच्या अनुभवापुढे ती काय बोलणार?

दुपारी ते घरी जेवायला बसले होते. मोरीतून बायकोचा आवाज आला, "अहो, हे फडकं आहे की चाळणी? कालच तर नवीन दिलं होतं!"

तिने ओलं फडकं उजेडात धरलं. मधोमध बोट जाईल एवढाली भोकं पडली होती.

सकाळी याच फडक्याने पुसलेला थेंब ॲसिडचा होता. डायफ्रॅमच्या पंपाला पॅकिंग नसतंच, मग थेंब आला कुठून? ते भोक पडद्यामागच्या कोरड्या जागेतलं. पडदा फाटला तर कळावं, एवढ्यासाठीच ठेवलेलं. तिथे वीस काय, एक थेंबही चालत नाही. आणि त्यांनी मोठ्या तोऱ्यात पोरीला त्याच पंपाशेजारी बसवून ठेवलं होतं! ॲसिडच्या खोलीत फोन न्यायला बंदी. जेवणाचं ताट तसंच टाकून त्यांनी सायकल काढली.

पोचले तेव्हा पंप बंद होता. सून दाराशी मान खाली घालून उभी, आणि सुपरवायझर तिच्यावर तोंडसुख घेत होता.

"तासभर माल अडलाय! मिस्त्री ठीक म्हणून गेले, मग पंप बंद करणारी तू कोण?" मिस्त्री दिसताच तो वळला. "हे आलेच. सांगा हिला जरा."

गप्प राहिलो तर आपलं नाव शाबूत राहील, असं मिस्त्रींच्या मनात येऊन गेलं. त्याची त्यांना फार लाज वाटली.

"मी चुकलो," ते म्हणाले. "तिने केलं तेच बरोबर."

ॲसिड काढून, हातमोजे-चष्मे चढवून त्यांनी पंप उघडला. पडद्याला बोटभर चीर गेली होती. आणखी थोडा वेळ चालला असता तर पडदा पुरता फाटून ॲसिड थेट तिच्या पायांवर आलं असतं.

"बाबा, मी तुमचंच ऐकणार होते," सून हळूच म्हणाली. "पण सहाचे अकरा झाले. थेंब मोजायला तुम्हीच शिकवलंत ना?"

मिस्त्रींनी नवा पडदा तिच्या हातात ठेवला.

"तू बसव," ते म्हणाले. "मी बॅटरी धरतो."