अठ्ठ्याण्णवाला उकळणारं पाणी

आत्याच्या बोटावरची क्लिप निसटली असेल, असं मी नर्सला म्हणाले. दुपारची वेळ होती. वॉर्डात जेवणाची ताटं फिरत होती आणि पलंगाशेजारच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत चालला होता. "सिस्टर, आधी तो सेन्सर बघा ना..." यंत्राने विश्वास बसणार नाही असा आकडा दाखवला की आधी सेन्सर तपासायचा, हे मला आत्यानेच शिकवलं होतं. नर्सने क्लिप काढून पुन्हा नीट बसवली. आकडा उतरतच होता. मी दुसरी क्लिप मागितली. तीही तेच सांगू लागली. मग मी ती काढून स्वतःच्या बोटाला लावली. अठ्ठ्याण्णव. सेन्सर बरोबर होता.

विमलआत्या गेली त्याला आता काही आठवडे झाले. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. विंचूरजवळच्या आमच्या शेतकरी घरातून शिकायला नाशकात आलेली पहिली मुलगी तीच, आणि पुढे इथल्याच एका पॉलिटेक्निकमध्ये तिने निवृत्त होईपर्यंत मापन आणि सेन्सर हा विषय शिकवला. लग्न केलं नाही. आमच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत राहिली. वडील सातपूरच्या कारखान्यात होते. युनियनची गेटवर वाटायची पत्रकं तेच लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि माझं क्रांती हे नावही तिथूनच आलं. छापायला जाण्याआधी प्रत्येक पत्रक आत्याच्या हाताखालून जायचं. "हजारो कामगार रस्त्यावर उतरले," असं पप्पांनी लिहिलं की ती चष्म्यावरून बघायची.

"बाळू, मोजलेस?"

"ताई, पत्रक आहे ते. पंचनामा नाही!"

"म्हणजे पत्रकात थाप चालते?"

पप्पा अर्धा चहा टाकून उठायचे. छापून आलेल्या पत्रकात मात्र 'शेकडो' असायचं.

तिच्या वर्गाचं पहिलं प्रॅक्टिकल दरवर्षी एकच असे. पाणी उकळायचं, त्यात तापमापक धरायचा, दिसेल ते लिहायचं. नाशिक समुद्रापासून चांगलंच उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभर अंशांपर्यंत पोचतच नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. पारा अठ्ठ्याण्णवावर थांबलेला सगळा वर्ग डोळ्यांनी बघायचा, आणि सगळा वर्ग जर्नलमध्ये शंभर लिहायचा. पुस्तकात शंभर आहे ना! आत्या म्हणायची, "पुस्तक समुद्राकाठी लिहिलंय. तुम्ही नाशकात उभे आहात." घरी आली की मात्र तिचा आवाज उतरलेला असायचा. खोटं लिहायची पहिली सवय आपण पोरांना इथेच लावतो गं, उकळत्या पाण्यापाशी... असं ती एकदा म्हणाली होती. मी आजवर पुष्कळ जहाल पत्रकं वाचली, काही लिहिलीही. या व्यवस्थेवर याहून कडक आरोप माझ्या वाचनात नाही.

गेल्या वर्षी तिची फुप्फुसं आखडू लागली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच सुमारास तिचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः शिकवणारा संदीप, येवल्याहून एसटीने आला. त्याने मराठीत पाठ्यपुस्तक लिहिलं होतं, मापन आणि सेन्सरवरचं. छपाईआधीची प्रत पिशवीतून काढून त्याने आत्याच्या पायाशी ठेवली. "मॅडम, तुम्ही चांगलं म्हणालात तरच छापतो. प्रस्तावनेला तुमचे चार शब्द पाहिजेत."

मी हरखले. इंजिनिअरिंग मराठीतून झालं पाहिजे यासाठी मी कॉलेजच्या फाटकांवर उभी राहून पत्रकं वाटलेली आहेत. इंग्रजीच्या भिंतीवर डोकं आपटून शिक्षण सोडलेली गावाकडची मुलं मी पाहिली आहेत. हे पुस्तक त्यांच्यासाठी होतं. मी आत्याला म्हटलं, "लगेच लिही."

"वाचू तर दे."

कुठलंही पुस्तक ती मागून वाचायला घ्यायची, चुकांच्या प्रकरणापासून. मापनात चुका कशा होतात हे ज्याला सांगता येत नाही त्याला मापन कळलेलं नाही, असं तिचं मत. तिथून ती तापमानाच्या प्रकरणावर आली आणि थांबली. पान माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं : तापमापक उकळत्या पाण्यात बुडवावा. वाचन शंभर अंश आले पाहिजे. न आल्यास तापमापक सदोष समजावा.

"एक ओळ, आत्या! इंग्रजी पुस्तकांत काय कमी थापा असतात? तू नाही म्हणालीस तर लोक हसतील, म्हणतील, बघा, मराठीत असंच होणार."

"मराठीत आहे म्हणून खोटं खरं होतं का, क्रांती?" तिला धाप लागली. नळी नाकाशी नीट करून ती थांबली. "इंग्रजीतलं खोटं पोरांना पाठ तरी करावं लागतं. हे त्यांना कळेल. कळलेलं खोटं मनातून जात नाही."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्या भांडणाचं मला आजही वाईट वाटत नाही. भांडावं असंच माणूस होतं ते.

तिने संदीपला बोलावून घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. मशीनची लांब नळी मागे ओढत ती स्टुलावर बसली, ऑक्सिजनमुळे शेगडीपासून चार हात लांब. पातेल्यात पाणी ठेवायला लावलं. पाणी खळखळू लागलं तसा संदीपने तापमापक धरला, डोळे बारीक केले, आणि गावाकडची बोली त्याच्या तोंडून निसटली. "मॅडम, हा तर खराब हाय."

आत्याने दुसरा दिला. मग तिसरा. तिन्ही अठ्ठ्याण्णवावर.

संदीपने तिन्ही तापमापक ओट्यावर ओळीने ठेवले. मग हळू म्हणाला, "आमच्या लॅबमधले दोन आम्ही फेकून दिले, मॅडम. शंभर दाखवत नव्हते म्हणून."

"खरं बोलत होते बिचारे," आत्या म्हणाली. ती हसायला गेली आणि खोकल्याने वाकली. मी पाठीवरून हात फिरवत होते. संदीपच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हणजे पुस्तक वाईटच ना?" त्याने विचारलं.

"वाईट पुस्तकात चूक सापडत नाही रे. सगळं इतकं गोल गोल असतं. तुझं वाक्य सरळ आहे, म्हणून चूक दिसली. तुझे वडील पैठणी विणतात ना? नक्षी चुकली तर काय करतात?"

"उकलतात."

"मग उकल. यातला प्रत्येक प्रयोग स्वतःच्या हाताने कर आणि तुला जे दिसलं ते लिही. मग मी सांगेन."

पुढे ती झपाट्याने खालावली. तरी रोज विचारायची, आलं का गं येवल्याचं काही? ती एका निकालासाठी थांबली होती आणि आम्ही दुसऱ्यासाठी, डॉक्टरांच्या कागदावरच्या. नवं प्रकरण आलं तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती, तोंडावर मास्क. मी पलंगाशी बसून वाचायला लागले. "आपल्या गावात पाणी किती अंशांना उकळते, ते आधी स्वतः पाहा. येवल्यात मी पाहिले तेव्हा पारा शंभराच्या खालीच थांबला. मी तापमापकाला दोष दिला. दोष माझा होता..." मी वर बघितलं. तिने डोळे मिटले होते. झोपली असं वाटून मी पान दुमडलं, तर तिने मास्क किंचित उचलला.

"पुढे वाच."

मी वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्लिप.

तेराव्यानंतर पप्पा म्हणाले, "लिहून टाक तिच्या नावाने चार ओळी. ताईने चांगलंच म्हटलं असतं." पप्पा, ज्यांनी आयुष्यभर तिच्यासाठी हजारोचे शेकडो केले! मी भांडले नाही. पण लिहिलंही नाही. तिने न घेतलेलं वाचन तिच्या नावावर मी कसं घालू? पुस्तक चांगलं झालंय, असं ती म्हणाली नाही. वाईट आहे, असंही नाही. संदीपला मी फोनवर जे घडलं तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मॅडम 'पुढे वाच' म्हणाल्या ना... बास. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ हाय." प्रस्तावनेचं पान त्याने कोरं ठेवलं आहे. खाली फक्त तिचं नाव आहे.

आत्याचे तापमापक अजून स्वयंपाकघरात, चमच्यांच्या स्टँडमध्ये उभे आहेत. आई भांडी घासते, पण त्यांना हलवत नाही. सकाळी चहाचं आधण ठेवलं की त्यातला एक मी पाण्यात धरते. पाणी खळखळतं, पारा चढतो, अठ्ठ्याण्णवापाशी येतो आणि थांबतो. रस्त्याकडच्या खोलीतलं मशीन बंद आहे, त्यामुळे घरात पाण्याचा तेवढा एकच आवाज असतो. थोडं थांबून पाहते... पारा वर जात नाही. मी दुसरा तापमापक काढत नाही.