येजा कधी चहाला

कॅल्गरीच्या महापौरपदाच्या तीन उमेदवारांना आम्ही एकाच शनिवारी, एकाच वेळी, एकाच घरात बटाटेवडे खायला बोलावलं होतं. त्या तिघांनाही एकमेकांची कल्पना नव्हती. माझ्या बायकोला तिघांपैकी दोघांची कल्पना नव्हती.

आता यात माझी चूक किती आणि त्या निवडणुकीची किती, हे तुम्हीच ठरवा. आमच्या नागपूरला महापालिकेची निवडणूक म्हणजे कसं स्वच्छ काम असतं. पक्ष असतो, चिन्ह असतं, कोणाशी बोलायचं आणि कोणाला बघून रस्ता ओलांडायचा हे आधीच ठरलेलं असतं. इथे महापौराच्या निवडणुकीत पक्षच नव्हते! मतपत्रिकेवर नुसती नावं. सगळे उमेदवार सारखेच हसरे, सगळ्यांना रस्त्यावरचा बर्फ लवकर काढायचा होता, आणि माझा प्रॉपर्टी टॅक्स ऐकून सगळ्यांचाच जीव कळवळायचा. अशा माणसांपैकी कोणाला तोंडावर नाही म्हणणार?

वैदेहीला, म्हणजे माझ्या बायकोला, हा प्रश्न पडला नाही. ती ठाण्याची आहे आणि तिचं एकदा ठरलं की ठरलं. तिने मार्गारेट नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला निवडलं आणि तिच्या प्रचारात स्वतःला झोकून दिलं. ऑफिसातून आली की जॅकेट न काढता पुन्हा बाहेर, घरोघरी. सुरुवातीला मी तिला ‘नगरसेविका’ म्हणून चिडवायचो. मग थांबलो. कारण या गल्लीत इतकी वर्षं राहूनही शेजाऱ्यांना आमची गाडी माहीत होती (दर हिवाळ्यात ती त्यांच्याच ड्राइव्हवेसमोर रुतते), पण हिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. आता लोक लांबून ‘वाय-डे-ही’ अशी हाक मारू लागले. ती गाल लाल करून घरी यायची आणि कोण काय म्हणालं ते सांगत बसायची. मला ते बघून फार बरं वाटायचं.

एक दिवस तिने जाहीर केलं की मतदानाच्या आधीच्या शनिवारी चार वाजता मार्गारेट आमच्याकडे चहाला येणार आणि सगळी गल्ली तिला भेटायला येणार.

“पहिल्यांदा येतायत रे सगळे आपल्या घरी,” ती म्हणाली. “नीट झालं पाहिजे. तू फक्त वडे तळ. बाकी काही म्हणजे काही करू नकोस.”

पण बाकी मी आधीच करून बसलो होतो.

त्याचं असं झालं. आदल्याच दिवशी, ती घरात नसताना, ग्लेन नावाचा उमेदवार दारात आला. उंच, गोरापान, घरं विकण्याच्या धंद्यातला. लॉनवर माझा बोर्ड लावू का, म्हणाला. बोर्ड लावणं शक्य नव्हतं, तिथे मार्गारेटचा होता. पण थंडीत आलेल्या माणसाला नुसतंच कसं परत पाठवायचं? म्हणून मी आमच्याकडचं नेहमीचं वाक्य इंग्रजीत म्हणालो. “येजा कधी चहाला.” आता विदर्भात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य ऐकलं की कळतं की आपण निघायचं आहे. तो म्हणतो, “हो हो, येऊ ना,” आणि दोघंही सुटतात. ग्लेनने मात्र खिशातून फोन काढला.

“सॅटरडे वर्क्स फॉर मी. फोर ओ’क्लॉक?”

पाहुण्याने स्वतः वेळ सांगितल्यावर नाही म्हणण्याचं शिक्षण मला मिळालेलं नाही. मी म्हणालो, “व्हाय नॉट!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सी-ट्रेनच्या स्टेशनवर ट्रेव्हर भेटला. हा सायकलवाला उमेदवार, पत्रकं वाटत कुडकुडत उभा. त्याचं नाक इतकं लाल झालं होतं की मला राहवलं नाही, आणि तेच वाक्य तोंडून निसटलं. त्यानेही फोन काढला! शनिवारी तो आमच्याच भागात फिरणार होता म्हणे. चार वाजता चालेल?

संध्याकाळी वैदेहीने शनिवार, चार वाजता हे शब्द उच्चारले तेव्हा मी मनातल्या मनात खुर्च्या मोजल्या. पण मी स्वतःची समजूत घातली. कोण येतंय? एवढ्या मोठ्या शहराचा महापौर व्हायला निघालेली माणसं, त्यांना काय कामं नाहीत? चहाला या म्हटलं म्हणून कोणी खरंच येतं का? मी स्वतः नागपुरात अशा किती घरी जायचा राहिलोय.

शनिवारी दुपारी ग्लेनच्या ऑफिसातून फोन आला. ग्लेन निघालाय, त्याला ग्लुटेन चालत नाही, आणि घरी कुत्रा आहे का? बेसनात ग्लुटेन नसतं हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि मग फोन ठेवून भिंतीला टेकलो.

वैदेहीला सांगायला हवं होतं. मी दिवाणखान्यात गेलोही. ती नेसलेल्या पैठणीवर लोकरी मोजे चढवत होती आणि स्वतःशीच इंग्रजीतलं स्वागताचं भाषण पुटपुटत होती. माझी हिंमत झाली नाही. “वडे छान होतील बघ,” एवढंच म्हणून मी परत आलो.

मग जे शक्य होतं ते केलं. ग्लेन पावणेचारलाच आला (हे लोक वेळेआधी येतात, हा आणखी एक जाच). त्याला मी बाजूच्या दाराने थेट बेसमेंटमध्ये उतरवलं आणि आमच्याकडे खास पाहुणे खालीच बसतात असं सांगितलं. ट्रेव्हर सायकलवरून आला. सायकल ठेवायच्या निमित्ताने त्याला गॅरेजमध्ये घेतलं आणि विंटर टायरच्या चळतीवर बसवलं. तो बिचारा खूश झाला, म्हणाला, किती साधेपणा. वर तोवर मार्गारेट आली, गल्ली आली, बुटांचा ढीग दारात वाढत गेला आणि वैदेहीचा आवाज येऊ लागला.

पुढची वीसेक मिनिटं मी जन्मात कधी धावलो नाही इतका धावलो. कढईत घाणा टाकायचा, एक प्लेट दिवाणखान्यात, एक खाली, एक गॅरेजमध्ये. चटणी विसरली म्हणून पुन्हा खाली. ग्लेनला आमची घर गरम ठेवणारी फर्नेस फार जुनी वाटली. तिच्यामुळे घराची किंमत कशी पडते ते तो समजावून सांगू लागला. माणूस आपल्याच घराबद्दल बोलत असताना मधेच कसं उठायचं? मी मान डोलवत राहिलो. वर कढई गॅसवर होती.

स्मोक अलार्म वाजला तेव्हा आमचं आख्खं घर किंचाळतंय असं वाटलं. मी धडपडत जिना चढलो. आमच्या पंधरा वर्षांच्या इराने गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवलं होतं आणि ती शांतपणे म्हणत होती, “एव्हरीबडी आउट, प्लीज. डॅड इज कुकिंग.”

इथली माणसं शिस्तीची. अलार्म वाजला की बूटसुद्धा न घालता बाहेर पडतात. पुढच्या दारातून मार्गारेट आणि शेजारी बाहेर आले. बाजूच्या दारातून ग्लेन आला. गॅरेजचं शटर कुरकुरत वर गेलं आणि आतून ट्रेव्हर आला, हातात वडा. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आमच्या ड्राइव्हवेवर, पायमोज्यांवर, कॅल्गरीचे तीन भावी महापौर एकमेकांकडे बघत उभे राहिले.

वैदेहीने तिघांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तशी नजर मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं, संपलं. हिचा इतक्या दिवसांचा खटाटोप मी तेलात घातला. त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातला म्हातारा वॉल्टर हातातली प्लेट सांभाळत पुढे आला. “वायडेही,” तो म्हणाला, “यू गॉट ऑल थ्री ऑफ देम?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. वैदेहीने पदराने डोळे पुसले, तोच पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “येस. टू मिनिट्स ईच. फर्स्ट क्वेश्चन, आमच्या गल्लीतला स्नो कधी काढणार?”

शेवटचं वाक्य चुकून मराठीत गेलं, पण प्रश्न सगळ्यांना समजला. तिघांची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. ग्लेन घरांच्या किमतींवर घसरला, ट्रेव्हर सायकलवर घसरला, मार्गारेटने मात्र सरळ उत्तर दिलं, आणि वैदेहीने तिघांनाही वेळ संपल्यावर सारख्याच कडकपणे गप्प केलं. स्वतःच्या मार्गारेटलासुद्धा! कोणीतरी बुटांचा ढीग बाहेर आणून दिला. लोक अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. असा कार्यक्रम या गल्लीत आजवर झाला नव्हता असं वॉल्टर जाताना म्हणाला, आणि ही कल्पना कोणाची, असंही त्याने विचारलं. “माझी,” वैदेही म्हणाली. मी कढई घासत राहिलो.

मार्गारेट हरली. वैदेहीने दोन दिवस तिचा बोर्ड लॉनवरून काढू दिला नाही. मग गल्लीतल्या बायका केक घेऊन घरी आल्या आणि तिने कम्युनिटी असोसिएशनच्या अध्यक्षपदाला उभं राहावं म्हणून हटून बसल्या. आता या वसंतात ती उभी आहे. नाव सगळ्यांना नीट उच्चारता येऊ लागलंय, ती निवडून येईल असं मला मनापासून वाटतं. तिच्याविरुद्ध एकटा वॉल्टर उभा आहे.

परवा ती घरात नसताना वॉल्टर दारात आला. बोर्ड त्याने स्वतः रंगवला होता, अक्षरं जरा वाकडी, हात कापतात ना त्याचे. तर सध्या आमच्या लॉनवर दोन बोर्ड आहेत. वैदेही अजून ऑफिसातून आलेली नाही. आणि शनिवारी चार वाजता वॉल्टर चहाला येतोय.